ताटाभोवतीची गर्दी

दिवाळीपासून भोयरांच्या घरात फोन फार झाले, आणि सगळे एकाच विषयावर. सोनिकाला जेवताना काय काय म्हणायचं नाही.

आठ वर्षांची पोरगी. ताट समोर आलं की पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, दुखतं. दोन घास वरण-भात, अर्धी पोळी, संपलं. शेवटी तिच्या आईने, दामिनीने, तिला धंतोलीत एका डॉक्टरबाईंना दाखवलं. बाईंनी वजन केलं, पोट तपासलं, सोनिकाला बाहेर काचेच्या पेटीतले मासे बघायला पाठवलं आणि दामिनी-रोहितला विचारलं, घरी जेवताना तिच्याकडे किती जण बघत असतात. दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले.

"पोटात काही नाही," बाई म्हणाल्या. "ताटाभोवतीची गर्दी कमी करा. जेवणाबद्दल हवं तेवढं बोला, पण तिच्या जेवण्याबद्दल बोलू नका. काय शिजवायचं ते तुमच्या हातात, किती खायचं ते तिच्या. शाबास नको, लाच नको, धाक नको."

दामिनीला हे पटलं. रोहितला पटल्याचं त्याने सांगितलं. तिकडे कळमेश्वरला सासूबाईंना, म्हणजे सुभद्राबाईंना, फोनवर ऐकूनच वाटलं की डॉक्टरीण अजून शिकाऊ असावी. ज्या घरात विचारपूस करायची एकच रीत, 'जेवला का', आणि माया करायची एकच रीत, समोरचा नको नको म्हणत असताना ताटात आणखी एक पोळी टाकायची, त्या घराला दामिनी सांगत होती की तोंड बंद ठेवा. तरी सगळ्यांनी हो म्हटलं. हो म्हणायला भोयर कधी कमी पडत नाहीत.

आता जानेवारीतला रविवार होता आणि शेतात रोडगे होते. बांधावरच्या मारोतीला भोयर दरवर्षी रोडग्यांचा नैवेद्य दाखवत. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण, वरून तुपाची धार, आणि बसायचं उन्हात पंगतीला. रोहितची गाडी काटोल नाका मागे टाकून कळमेश्वरच्या रस्त्याला लागली तेव्हा सोनिका मागच्या सीटवर झोपली होती.

"म्हणून दाखव," दामिनी म्हणाली.

"आता किती वेळा? खा म्हणायचं नाही. संपव म्हणायचं नाही. बारीक झाली म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या पोरासोबत तुलना नाही."

"आणि आई?"

"आईला मी सांगितलं ना."

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरं."

दामिनीने खिडकीतून बाहेर पाहिलं. सासूबाईंचं 'बरं' तिला नऊ वर्षांपासून माहीत होतं. "ऐक रोहित, मी रागात नाही बोलून राहिली. तीन महिने झाले, आत्ता कुठे ती जेवताना गाणं म्हणायला लागली. आज जर कोणी तिच्या तोंडात घास कोंबला, तर मी तिला पुन्हा आणणार नाही. रोडग्याला नाही, सणाला नाही. ती मोठी होईल, मग तिची ती येईल."

रोहितने मान हलवली. त्याला ठाऊक होतं, ही बोलते कमी, पण बोलली की करते.

दामिनीला हे बोलताना सुख वाटत नव्हतं. सोनिका साडेसात महिन्यांची जन्मली तेव्हा तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि दामिनी स्वतः तापाने पडली होती. त्या दिवसांत सुभद्राबाई रोज पहिल्या एसटीने कळमेश्वरहून धंतोलीच्या दवाखान्यात यायच्या, हात धुऊन, डोक्याला ती हिरवी टोपी घालून, चमच्याच्या टोकाने पोरीच्या ओठांवर दूध सोडत बसायच्या. एक थेंब गिळायला पोरीला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. नर्सचा धीर सुटायचा, सुभद्राबाईंचा सुटला नाही. ही पोरगी त्या हातांनी जगली होती, आणि आता त्याच हातांपासून तिला लांब ठेवायची भाषा दामिनीला करावी लागत होती. उपकार इतके मोठे असले की भांडण करायलासुद्धा जीव होत नाही.

*

वंदना आदल्या दिवशीच माहेरी आली होती. रोहितची मोठी बहीण, मानेवाड्याला राहणारी, एका शाळेत गणित शिकवणारी, अंगाने भरलेली आणि त्याबद्दल लहानपणापासून ऐकत आलेली. याच आईच्या हातून दोन ताटं वाढली जायची. रोहितला म्हटलं जायचं, घे अजून, आणि वंदनाला म्हटलं जायचं, बस झालं. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी ती पंगतीत थोडं खायची आणि मग ओट्यापाशी उभ्याने खायची. दामिनीचा पहिला फोन आला तेव्हा वंदनाने आधी सगळं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाली होती, "चांगली डॉक्टर आहे वं. आपल्या वेळेस कुठं होती ही?"

सकाळी शेतातल्या खोलीसमोर तीन दगडांची चूल पेटली, वांगी चिरून झाली, आणि वंदनाने आईपुढे चहा नि पोह्यांची बशी ठेवली. सुभद्राबाईंनी बशी बाजूला सरकवली.

"आज नाही."

"काहून? उपास आहे?"

"तसंच समज."

"आई, तू सकाळी साखरेची गोळी घेतली."

"पान्यासंग घेतली. घेत नाही का लोक?"

वंदनाने चुलीतलं लाकूड ओढलं आणि आईसमोर बसली. मास्तरीण असल्यामुळे समोरचं माणूस काहीतरी लपवतंय हे तिला चटकन कळायचं. "काय केलं तू?"

सुभद्राबाईंनी आधी बांधाकडे पाहिलं, मग आवाज बारीक केला. "मी मारोतीले बोलली. सोनी तुह्या पुढं पहिला रोडगा अख्खा खाईन, मंगच मी तोंडात घास घालीन. तवापर्यंत नाही."

"आई, दामिनीनं काय सांगितलं होतं? तिला काही बोलायचं नाही."

"मंग मी पोरीले कुठं बोलली?" सुभद्राबाईंच्या चेहऱ्यावर निरागसपणा होता आणि तो खराही होता. "मी मारोतीले बोलली."

वंदनाला हसू आलं, आणि हसता हसता ती थांबली. "आणि नाही खाल्ला तिनं, तर?"

"खाईन. देव काय एवढंही करनार नाही? अन हे पाह्य, सुनेले सांगशीन तर माह्यासंग बोलू नको. ते शिकेल आहे, तिले नवस समजत नाही."

वंदनाने हो म्हटलं. दामिनीची बाजू तिला पटत होती, पण आईने विश्वासाने काही सांगावं असं तिच्या वाट्याला क्वचितच यायचं, आणि ते तिला मोडवेना. तेवढ्यात रोहितची गाडी बांधापाशी येऊन थांबली आणि सुभद्राबाई पदर सावरत उठल्या. नातीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, ओठांपर्यंत आलेलं 'किती वाळली वं' गिळून टाकलं आणि म्हणाल्या, "आली का माही बाई."

दामिनीने मनातल्या मनात सासूबाईंचे आभार मानले. वंदनाला ते दिसलं आणि तिला फार वाईट वाटलं.

*

रोडगे करणं हे पुरुषांचं काम, आणि या पंचक्रोशीत ते रोहितच्या वडिलांचं, रुपरावांचं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमर काढली, शेत सुट्टीच्या दिवशी केलं, पण लोक त्यांना ओळखत ते रोडग्यांमुळे. कोणाच्या शेतात नैवेद्य असला की निरोप यायचा, रुपरावजींना बोलवा.

आज मात्र ते धास्तावले होते. सुनेने फोनवर सांगितलं होतं, आबाजी, जेवणाबद्दल बोला, तिच्या जेवण्याबद्दल नको. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं होतं की काहीच न बोललेलं बरं. आणि नेमकी सोनिका येऊन त्यांच्या परातीपाशी बसली.

"आबाजी, मी करू?"

"पोट्टीनं रोडगे केलेले मी तं पाह्यले नाही बाप्पा," रुपराव म्हणाले, आणि तिच्या हातावर कणकेचा एक गोळा ठेवला. "कर."

तिने तो दाबून पाहिला. "पोळीची कणीक अशी नसते."

"ते बारीक दळेल राह्यते. हे जाडी भरडी आहे. कानापाशी ने अन बोटानं चोळ."

तिने खरंच कानाशी नेलं. "करकर वाजते."

"वाजली पाह्यजे. नाही वाजली तर दळनाऱ्यानं फसवलं समज." रुपरावांच्या लक्षात आलं की आपण बोलायला लागलो, आणि हे बोलणं चुकीचं असेल का, म्हणून त्यांनी सुनेच्या दिशेने एक नजर टाकली. दामिनी लांब बसून कोथिंबीर निवडत होती आणि तिचं इकडे लक्ष नव्हतं. निदान तसं ती दाखवत होती. "आता हे पाह्य. पहिले एक लहान गोळी करायची. तिले तेल लावायचं. तिच्यावर दुसरी पारी, तिले तेल. तिच्यावर तिसरी. भाजून फोडलं की पदर सुटतात."

"कांद्यासारखे?"

"हो. पन डोळ्यात पानी नाही येत."

ती हसली. तिने एक रोडगा वळला, तो लांबट झाला. दुसरा वळला, तो चपटा झाला. रुपरावांनी दोन्ही विस्तवात आपल्या रोडग्यांच्या शेजारी ठेवले आणि राखेने झाकले. मग दोघं धुराच्या उलट्या बाजूला बसले. रुपरावांनी तुरीच्या ओल्या शेंगा निखाऱ्याच्या कडेला टाकल्या होत्या. सोनिकाने एक उचलली, फुंकर मारली, दाणे काढले.

"आबाजी, आतून शिजला हे कसं माहीत पडते? दिसत तर नाही."

"वजनानं. कच्चा रोडगा हाताले जड लागते. शिजला की त्यातलं पानी जाते, हलका होते. अन अंगावर भेग पडते. अन वास."

"कसा वास?"

रुपराव विचारात पडले. आयुष्यभर त्यांनी तो वास ओळखला होता, पण कसा असतो हे कोणी विचारलं नव्हतं. "पावसानंतर भिंत वाळते ना उन्हात," ते सावकाश म्हणाले, "तसा काही. तू सांग बरं, तुले कसा वाटते?"

सोनिकाने डोळे मिटून वास घेतला. "गरम पुस्तकासारखा."

बोलता बोलता तिच्यासमोर शेंगांच्या टरफलांचा बऱ्यापैकी ढीग झाला होता. रुपरावांना तो दिसला आणि त्यांच्या जिभेवर 'शाबास' आलं. त्यांनी मान वळवून संत्र्याच्या झाडांकडे पाहिलं. झाडांना मृगाचा बहार लागला होता, फळं अजून हिरवट होती. ते बघतच राहिले, कारण तिकडे नसतं पाहिलं तर त्यांच्याने राहवलं नसतं. थोड्या वेळाने त्यांनी निखाऱ्याशी आणखी शेंगा सारल्या आणि मारोतीच्या दिशेने बसल्याबसल्याच हात जोडले.

*

वंदनाचा निश्चय दुपारपर्यंत टिकला. भाजी हलवताना आईच्या हातातलं उलथणं थरथरताना तिने पाहिलं, मग कपाळावरचा घाम पाहिला, आणि ती उठून सरळ दामिनीकडे गेली. जे होतं ते सगळं सांगितलं.

दामिनीने हातातली कोथिंबीर नीट खाली ठेवली.

"तुम्हाला सकाळपासून माहीत होतं, ताई?"

"हो. चूक झाली माझी."

"चूक कुणाची ते नंतर पाहू," दामिनी म्हणाली आणि चुलीकडे चालायला लागली. तिला राग आला होता. तीन महिने जिवाचा आटापिटा करून बाजूला केलेली गर्दी सासूबाईंनी एका वाक्यात परत आणली होती, आणि वर देवाला त्यात बसवलं होतं.

"आई, काय आहे हे?"

सुभद्राबाईंनी लेकीकडे जळजळीत पाहिलं. "हिच्या पोटात लहानपणापासून काही राह्यत नाही."

"गोळी घेतली आहे तुम्ही. साखर उतरून राहिली तुमची."

"उतरू दे. चढून चढून कंटाळली असन."

दामिनीने खोलीतून गुळाचा खडा आणला आणि सासूबाईंच्या तोंडासमोर धरला. "एवढा घ्या. नवस मोडत नाही याने."

सुभद्राबाईंनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली. दामिनीने हात त्या बाजूला नेला. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

"आई, घ्या म्हणते ना. फक्त एक. माझ्यासाठी."

हे शब्द तोंडातून गेले आणि दामिनीचा हात हवेतच थांबला. समोर मिटलेले ओठ हुबेहूब सोनिकाचे होते, तीच हनुवटी, तोच हट्ट. आणि गूळ घेऊन उभी असलेली ती स्वतः, तीच घरातली गर्दी. राग होता तसाच होता, पण त्याच्या खाली तिला हसूही येत होतं आणि रडूही. तिने गुळाचा खडा सासूबाईंच्या हातात ठेवला.

"ठेवा जवळ," ती म्हणाली. "वाटेल तेव्हा घ्या."

सुभद्राबाईंनी तो पदराच्या टोकाला बांधला. खाल्ला नाही. मागे उभ्या असलेल्या रोहितने हे सगळं ऐकलं होतं, आणि त्याचा चेहरा उतरला होता. एकीकडे बायकोला दिलेला शब्द आणि दुसरीकडे घामाने भिजलेली आई, असा तो मधे सापडला होता.

*

मारोतीला नैवेद्य दाखवून झाला. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, द्रोणात भाजी आली, आणि सुभद्राबाईंनी पहिला रोडगा सोनिकाच्या पत्रावळीवर ठेवला. फोडून, तूप सोडून. त्यांचं डोकं हलकं झालं होतं आणि ऊन पिवळं दिसत होतं, पण त्या वाढायला उभ्याच राहिल्या. मनात त्यांचं चाललं होतं, आता फार वेळ नाही, आता खाईन माही बाई.

पंगतीत कोणी बोलेना. कोणी सोनिकाकडे बघेना. रुपराव आभाळ बघत होते, वंदना आपलं ताट बघत होती, दामिनी आणि रोहित एकमेकांच्या डोक्यावरून कुठेतरी बघत होते. आजवरच्या पंगतीत इतकी शांतता कधी झाली नव्हती, आणि पोरीला ती कळली. तिने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावत राहिली. तुकडा आत जाईना. तिचा डावा हात हळूच पोटावर गेला.

"सोना," रोहित म्हणाला, आणि दामिनीने मान वर केली. "बेटा, तेवढा रोडगा खाऊन घे ना. आजी तुझ्यासाठी सकाळपासून उपाशी आहे. तू खाल्लं की ती खाईल."

"रोहित," दामिनी म्हणाली. पण व्हायचं ते झालं होतं.

सोनिकाने आजीकडे पाहिलं. आजीच्या हातातला पळा थरथरताना तिला दिसला. आणि मग तिने दोन्ही हातांनी रोडगा उचलला आणि तोंडात कोंबायला सुरुवात केली. गाल फुगले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घशातून कसा तरीच आवाज आला, तरी ती थांबेना. दामिनी उठली तोवर तिला उमासा आला आणि सगळं पत्रावळीवर पडलं.

ती रडली नाही. तोंड पुसून तिने विचारलं, "आजी, मी नाही खाल्लं तर तू मरशील?"

सुभद्राबाई मटकन खाली बसल्या. साखर उतरल्यामुळे नाही. काचेच्या पेटीतल्या पोरीला चमच्याने दूध पाजताना त्यांनी देवाला हेच म्हटलं होतं, ही खाऊ दे, नाहीतर मला ने. तेव्हा ते पोरीला ऐकू आलं नव्हतं. आज ऐकू आलं होतं. त्यांना आपली इतकी लाज वाटली की मारोतीकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी सरकत सरकत सोनिकाला जवळ घेतलं.

"नाही वं माय. म्या कायले मरू? तुह्या खान्या न खान्यानं म्या मरत नाही. मीच येडी. मीच काहीबाही बोलली मारोतीले."

"मग जेव ना तू."

"जेवते. हे पाह्य." पदराचा गूळ त्यांनी तोंडात टाकला, आणि पोरीची खात्री पटावी म्हणून वर रोडग्याचा तुकडा मोडून खाल्ला. चावला, आणखी चावला, आणि नेहमीसारखं पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

सोनिका टक लावून बघत होती. "आजी, तुझं तोंड माझ्यासारखं झालं."

"कसं?"

"आवडत नाही तेव्हा होतं तसं. तुला आवडत नाही हे?"

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रुपरावजींचे रोडगे. आसपासच्या गावांतून ज्यांना निरोप यायचे ते रोडगे. हो म्हणायला तोंड उघडलं होतं, पण पोरीचे डोळे इतके जवळ होते, आणि आजच्या दिवसात तिला आणखी एक खोटं सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?" रुपरावांनी विचारलं.

"मले रोडगे नाही आवडत."

वंदनाच्या हातातला घास तसाच राहिला. रुपरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "कवापासून?"

"लगन झालं तवापासून. गळ्यात अडकतात माह्या."

"पंचेचाळीस वर्षं झाली, वंदीची माय. मंग खात काहून होती?"

"कोनं इच्यारलं?"

हे त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. खरंच कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. पण रुपरावांना ते लागलं. त्यांनी विस्तवाकडे पाहिलं, त्यात अजून चार-पाच रोडगे होते, मग बायकोकडे पाहिलं. आज सकाळी एका आठ वर्षांच्या पोरीला आपण विचारलं होतं, तुला वास कसा वाटतो, आणि तिचं उत्तर ऐकायला किती बरं वाटलं होतं, हे त्यांना आठवलं.

"मंग काय आवडते तुले?" त्यांनी विचारलं.

सुभद्राबाईंना पटकन सांगता येईना. रुपरावांना वरण घट्ट लागतं, रोहितला भाजीत कूट जास्त लागतो, वंदनाला पोळीच्या आधी भात लागतो, दामिनीला तिखट सोसत नाही, हे सगळं त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. स्वतःचं मात्र शोधावं लागलं. सगळे थांबले होते. कोणी घाई केली नाही, कोणी सुचवलं नाही.

"भात," त्या शेवटी म्हणाल्या. "वांग्याच्या रश्श्यासंग. अन वरून कच्चं तेल. माह्या मायच्या घरी तसं खात होतो आम्ही."

"माझा भात आहे," सोनिका म्हणाली. दामिनीने तिच्यासाठी गाडीत डबा ठेवला होता, वेळ पडली तर असावा म्हणून, आणि सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून तो बाहेर काढला नव्हता. आता तो निघाला, दोन नव्या पत्रावळी आल्या. सोनिकाने त्यातला अर्धा भात आजीच्या पत्रावळीवर टाकला. दामिनीने रस्सा घातला, वंदनाने कच्च्या तेलाची बाटली आणली.

"अन त्याले काय सांगू?" सुभद्राबाईंनी बांधाकडे हनुवटी केली.

"त्याचं मी पाहतो," रुपराव म्हणाले. "इतकी वर्षं माह्या हातचे रोडगे खाऊन राह्यला तो. तेवढी वळख आहे."

सुभद्राबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून वंदनाला एकदम आजोळचं घर आठवलं. हळूहळू हातांची थरथर थांबली. शेजारी सोनिका आपल्या भातावर बोटभर तेल मागून घेत होती, आणि सांगत होती की ते नाकाला लागतं. तिने किती घास खाल्ले हे त्या दिवशी कोणालाच सांगता आलं नसतं. वंदनाने बसल्या जागीच आणखी एक रोडगा मागितला, आणि सुभद्राबाईंनी तो काही न म्हणता तिला वाढला.

सुभद्राबाईंना सुनेला काही सांगायचं होतं. तू म्हणत होती ते बरोबर होतं, तू मला ओरडली नाहीस, असं काहीतरी. पण असली वाक्यं त्यांना जमत नसत. त्या नुसत्या दामिनीकडे बघत राहिल्या.

"पुढच्या वर्षी भात जास्त आणीन, आई," दामिनी म्हणाली.

रोहितने चमकून बायकोकडे पाहिलं. ती आपल्या पत्रावळीतला रोडगा तुपात कालवत होती, आणि डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. त्याने आपला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

रुपराव उठले. रश्श्याचं पातेलं आणि भाताचा डबा घेऊन ते पंगतीतून चालत बायकोपुढे येऊन उभे राहिले. आजवर त्यांनी तिला कधी वाढलं नव्हतं. कसं वाढायचं ते नीट माहीत नव्हतं, आणि एवढं मात्र आज कळलं होतं की सरळ टाकायचं नाही. भाताने भरलेला पळा त्यांनी तसाच हवेत धरला.

"वाढू का?"

नको, बस झालं, तुम्ही घ्या, ही तिन्ही उत्तरं सुभद्राबाईंच्या ओठांवर तयार होती. त्यांनी ती बाजूला सारली, क्षणभर आपल्या पोटाला विचारलं, आणि पत्रावळ पुढे केली.

"वाढा," त्या म्हणाल्या. "भात थोडा. रस्सा जास्त."